ओठांवरची मराठी

आमच्या घरात भाचीसमोर मराठी बोलायला बंदी होती. हिंदीलाही. दादाचा नियम: तिच्या कानावर फक्त इंग्रजी पडली पाहिजे, म्हणजे नर्सरीच्या इंटरव्ह्यूत अडायचं नाही. दादाला स्वतःला इंग्रजी येत नाही, वहिनीला जेमतेम. म्हणून खिडकीत मोबाइल ठेवलेला. त्यातली बाई दिवसभर रंग आणि फळं म्हणायची. केळीच्या मुलखातल्या पोरीला केळं मोबाइलने शिकवायचं! मी बसस्टँडवर पत्रकं वाटते: इंग्रजी शिका, जरूर शिका, पण घरची जीभ कापून नका शिकू. दादा म्हणाला, "तुझी पत्रकं बाहेर वाट."

आई-बाबांनी वाद घातला नाही. दोघांची उमर कापडाच्या लूमवर गेली. लूम सुरू असले की माणसाचा आवाज पोचत नाही. तिथे आवाज न काढता ओठ ताणून बोलतात, समोरचा ते वाचतो. आम्हा भावंडांनाही ते येतं, वहिनीही शिकली. बंदी आल्यावर सगळं घर तसंच बोलू लागलं. मीठ कमी पडलं, गॅस संपला, कोण वारलं, सगळं ओठांवर.

एका दुपारी लाइट गेली. गल्लीतले लूम थांबले, खिडकीतला मोबाइलही बंद पडला. मी जिना चढून आले तर सगळे गप्पांत रंगलेले, आणि खोलीत कसलाच आवाज नाही. मधोमध भाची एकेकाचं तोंड बघत होती. तिचेही ओठ हलत होते.

तिने शेवटचा आवाज कधी काढला, कुणालाच आठवेना. रडायचीही तशीच: तोंड उघडं, गाल ओले, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठीक, गळा ठीक. दादा म्हणाला, इंग्रजी आत साठतेय, एकदम बाहेर येईल.

इंटरव्ह्यूला आम्ही सगळेच गेलो. मॅडमनी नाव विचारलं, इंग्रजीत. भाचीचे ओठ हलले. मॅडम पुढे वाकल्या, मग हसून आमच्याकडे वळल्या. "शाय है. कोई बात नहीं, शांत बच्चे जल्दी सीखते हैं."

दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. मला नाही राहवलं. "शाय नाही मॅडम, बोलतेय ती."

दादाने माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले: गप.

"म्हणतेय, आजी, मला घरी ने."

भाची दचकली. आधी माझ्या मागे बघितलं तिने, हा आवाज काढणारं कुणी उभं आहे का म्हणून. मग येऊन माझ्या गळ्यावर तळहात ठेवला.

ॲडमिशन झाली. दादाने पेढे वाटले. घरात आता मी मोठ्याने मराठी बोलते, आई-बाबाही बोलतात. पण भाचीला काही हवं असलं की ती माझी ओढणी ओढते, ओठ हलवते आणि थांबते. तिचं ते वाक्य मी माझ्या आवाजात म्हणावं म्हणून.

मी म्हणत नाही. तिच्यासमोर बसून तिच्या आवाजाची वाट बघते. तीही माझ्या तोंडाकडे बघत बसते.