श्रमदानाचा डोंगा

आमच्या गावाहून सौंसरची बस धरायची तर नदी ओलांडावी लागे. पावसाळ्यात ते बंद. मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात गावानं ठरवलं, श्रमदानानं डोंगा बांधायचा. समाजभवनाच्या टिनाच्या शेडमध्ये काम सुरू झालं. बैलबंड्या बनवणारे मिस्त्रीबाबा मुख्य, बाकी आम्ही हाताखाली. बाया कापसाचे पिळे वळत, राळेत बुडवून देत. माणसं ते फळ्यांच्या फटीत ठोकत. माझे पिळे माझा दादाच ठोकायचा.

"तू कालेजात जाय बाई, वल्ही मी मारतो," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

जुलैत डोंगा तयार झाला. मिस्त्रीबाबा म्हणाले, "आता तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. लाकूड फुगलं म्हणजे फटी बंद." हे मला सांगावं लागलं नाही. उन्हाळ्यात बंडीची चाकं सुकून खिळखिळी झाली की आम्ही ती डोहात टाकतोच. शनिवारी डोंग्यात दगड भरून तो काठाशी बुडवला.

सौंसरच्या कॉलेजचा फॉर्म भरायची शेवटची तारीख मंगळवारी होती. तसं कळवणारी वर्गातल्या एका पोरीची चिठ्ठी आली, ती दादानंच मोठ्यानं वाचून दाखवली होती.

सोमवारी संध्याकाळी मी दादाला विचारलं, "उद्या नेतोस ना?"

"अजून पाणी घेऊन राहिला व तो. बुडशीन मधातच. बुधवारी पक्कं."

"बुधवारी फॉर्म घेत नाहीत."

"घेतात. मी बोलतो मास्तरशी."

मी विश्वास ठेवला. कच्च्या चाकाची बंडी कोणी जुंपत नाही, हे मला ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी धुणं घेऊन नदीवर गेले. डोंगा नव्हता. काठावर दगडांचा ढीग, वरचे दगड वाळलेले. म्हणजे ते कालच काढले होते. पलीकडं मारुतीच्या पारावर धूर निघत होता. डोंग्याची पहिली फेरी, म्हणून माणसं नारळ फोडायला आणि रोडगे करायला गेली होती. पहिल्या फेरीत बाई नको, असं त्यांचं ठरलं होतं. रोडगे व्हायला दिवस जातो. मी हाका मारल्या. दादा पारावरून उठला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा गोवऱ्या लावायला बसला.

सूर्य कलल्यावर ते परतले. दादा वल्ह्यावर होता. मी डोंग्यात वाकून हात फिरवला. आत थेंब नव्हता.

"तू तं म्हणे पाणी घेऊन राहिला."

"सगळे म्हणत होते, बाई आधी नको. मी एकटा काय करू?"

"तू मले खरं सांगायचं होतं. मी चालत जाऊन नावाडी पाहिला असता वरच्या गावचा."

"तू भांडली असती," तो म्हणाला. एवढं खरं होतं.

मिस्त्रीबाबा तेवढे म्हणाले, "पोरीनं पिळे चांगले वळले." त्यांच्या हातात माझ्यासाठी रोडग्याचा प्रसाद होता. मी घेतला नाही.

माझं वर्ष गेलं. पुढच्या साली नदी भरायच्या आधीच सौंसरला मावशीकडे राहायला गेले आणि बी.ए. होईस्तोवर तिथंच राहिले.

दादा अजून पाहुण्यांना सांगतो, "बहीण आमच्या डोंग्यानं शिकली." मी तिथं असले तर तिथल्या तिथं सांगते, त्या डोंग्यात मी कधी बसलेच नाही. मग तो चहा आणायला उठतो.