झरीची रेती

करीमचाचा गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. नेरला त्यांच्या पुतण्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. कार्डावर त्याच्या तेलकट बोटांचे ठसे होते. मजकूर दोन ओळींचा... चाचा शुक्रवारी वारले, शेवटी तुमचं नाव काढत होते. त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हाच काही लिहावं असं वाटलं होतं, पण धीर झाला नाही. परवा विद्यापीठाच्या सिव्हिल इंजिनीयरिंग विभागाचं वार्षिक वृत्त टपालानं आलं. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर गळ्यात हार घातलेले विभागप्रमुख, आत विभागाच्या यशाची चार पानं. कुणाला सुवर्णपदक, कुणाची विलायतवारी. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, प्रयोगशाळेत पंखे बसवल्याच्या बातमीखाली एक ओळ : 'विभागातील एका जुन्या शिपायाचे निधन झाले.' नाव नाही. आणि ते शिपाई नव्हतेच, प्रयोगशाळेचे मिस्त्री होते. त्या ओळीची मला शिसारी आली. त्याच अंकात, 'आजवरची भरीव कामे' या मथळ्याखाली झरीच्या रपट्याचा, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाचा, परिच्छेद पुन्हा छापलाय. त्यातला शब्द न् शब्द माझा आहे, म्हणून ही शिसारी फक्त त्यांची नाही, माझीही आहे.

छप्पन साली मी यवतमाळ सोडून त्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा भाग नुकताच दुसऱ्या राज्यात गेला होता आणि विभागातली निम्मी चर्चा लेटरहेडवर काय छापायचं याची होती. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या. पहिला इंजिनीयर मी, त्यामुळे मान जरा ताठच असायची. चाचांनी ती पहिल्याच आठवड्यात खाली आणली. रेतीत माती किती आहे हे काचेच्या नळीत कसं तपासायचं ते मी पोरांना फळ्यावर समजावत होतो. तास संपल्यावर चाचा पुढे आले, माझा हात धरला, तळव्यावर चार थेंब पाणी टाकलं आणि चिमूटभर रेती ठेवली. "चोया, मास्तर." मी चोळली. "आता झटका. हात मयला का नाही? मंग हे रेती बांधकामाची नाही. नयी मंग लावा." चाचा गवंड्याच्या घरातले, शिक्षण सही करण्यापुरतं. पण नदी-नाल्याची रेती हातावर घेऊन ती कुठली हे सांगायचे, आणि त्यांचं चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी वणीच्या पलीकडे, झरीकडच्या जंगलात एका नाल्यावर रपटा बांधायचं ठरलं. पलीकडे कोलाम आदिवासींची वस्ती होती. पावसाळा लागला की तिचा बाजाराशी आणि दवाखान्याशी संबंध तुटायचा. आराखडा आमच्या विभागाचा, बांधणार एक ठेकेदार, आणि काँक्रीटची तपासणी आमच्या प्रयोगशाळेत. रीत अशी, की कामावरच्याच मालाचे सहा इंची ठोकळे तिथेच ओतायचे, अठ्ठावीस दिवस ओले ठेवायचे आणि मग मशीनखाली फोडून त्यांची ताकद मोजायची. ठोकळे ओतायला चाचा आणि मी गेलो. ठेकेदारानं रेती त्याच नाल्यातली उपसली होती. चाचांनी ती तळव्यावर चोळली आणि हात माझ्यापुढे धरला. तळवा काळा झाला होता. मग ते कामाला लागले. ठोकळे ओतले, ओल्या सिमेंटवर खिळ्यानं तारीख आणि आपला 'क' कोरला, आणि निघताना त्या रेतीची एक मूठ चहाच्या रिकाम्या डब्यात भरून घेतली. "कायले घेता, चाचा?" मी विचारलं. "असू द्या. ओयख ठेवाव मानसानं."

आता आमच्या विभागाची खास चाल सांगतो. वार्षिक वृत्त मार्चअखेर छापलं जायचं आणि ठोकळ्यांचे अठ्ठावीस दिवस एप्रिलात भरणार होते. पण आमच्या विभागप्रमुख सरांना रपटा याच अंकात हवा होता. कुलगुरू उद्घाटनाला यायचे होते. वृत्त लिहायचं काम माझ्याकडे. सर म्हणाले, "लिहा, चाचणीत काँक्रीट अपेक्षेपेक्षा सरस ठरले. ठरणारच आहे." आणि मी लिहिलं. न फोडलेल्या ठोकळ्यांचा निकाल मी चांगल्या भाषेत लिहून छापखान्यात पाठवला. अशी माणसं शिकवायची आम्ही इंजिनीयर म्हणून!

एप्रिलात ठेकेदाराच्या ट्रकनं ठोकळे आले. तारीख बरोबर, 'क' बरोबर. चाचांनी एकेक करून मशीनखाली फोडले, मी काटा वाचत गेलो. आकडे उत्तम. मी खुशीत रजिस्टर भरत होतो, आणि चाचा फुटलेला तुकडा खिडकीपाशी नेऊन पाहत होते.

"मास्तर, हे झरीचे ठोकये नाही."

"क तर तुमचाच आहे ना?"

"क काढाले काय लागते? आतली रेती पाहा. मोठ्या नदीची हाये, धुतल्यावानी पिवयी. झरीची कशी होती, तुमीबी पाह्यली."

मी पाहिली होती. म्हणून तर मी सरांकडे गेलो... हे मी माझ्या बाजूनं सांगतो आहे, पण पुढचंही सांगायला हवं. सरांनी चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "रेतीवर गावाचं नाव लिहिलेलं असतं का हो? मिस्त्रीला मशीन चालवू द्या, तुम्ही आकडा लिहा. वृत्त छापून झालंय, ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं. माझीच कायमची नेमणूक त्या महिन्यात सरांच्या शेऱ्यासाठी थांबली होती. मी परत आलो आणि रजिस्टरवर सही केली. चाचा फरशीवरचे तुकडे झाडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

रपटा ऑगस्टमध्ये फुटला. मधला भाग खचून नाल्यात बसला. पाहणीला मलाच पाठवलं, तेव्हा चार कोलाम एका गरोदर बाईला खाटेवर घालून छातीभर पाण्यातून नेत होते. एकाला मी मूर्खासारखं विचारलं, रपटा कुठून फुटला? तो म्हणाला, "पानी उतरलं का दिसन, साहेब." बाई पोचली की नाही हे विचारायचंही मला सुचलं नाही.

चौकशी झाली. ठेकेदाराचं सरांकडे येणं-जाणं होतं, त्यामुळे ती कुठे संपणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. निष्कर्ष निघाला : अशिक्षित मिस्त्रीनं मशीन चुकीची चालवल्यानं आकडे वाढीव आले. त्या टेबलाच्या एका कडेला मी बसलो होतो. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण लावत होतो. चाचांना मशीनवरून काढून गोदामात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकायला बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच खोकत राहिले. त्या वर्षी मी कायम झालो. पुढच्या वृत्तात ती बातमीही आली.

मला तिथे फार काळ राहवलं नाही. यवतमाळला बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि मोठ्या बाणेदारपणानं विभाग सोडला असं लोकांना सांगत फिरलो. गेल्या साली नेरला कामासाठी गेलो असता बसस्टँडवर चाचा भेटले. वाळून गेले होते. पुतण्याच्या दुकानामागच्या खोलीत नेऊन त्यांनी चहा पाजला. पहिलाच प्रश्न, "त्या रपट्यावरून मानसं जाऊन राह्यले का आता?" मी म्हटलं, दुसरा बांधलाय. ते एकदम खूश झाले. मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, एक काम होतं. तेवढं एक कागदावर लिहून द्या मले, का करीमनं मशीन बराबर चालवली होती. कोनाले दाखवाचं नाही. माह्यापाशीच ठेवीन." मी म्हटलं, "देतो की, चाचा. पाठवतो." निघताना त्यांनी फळीवरचा चहाचा डबा काढून माझ्या हातात दिला. "हे तुमच्यापाशी राहू द्या आता."

कागद मी पाठवला नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तीनदा लिहायला घेतला आणि तीनदा वाटलं, उद्या हा कुणाच्या हाती लागला तर? रजिस्टरवर सही तर माझी आहे. एका म्हाताऱ्याला चार ओळी द्यायला मी घाबरलो, आणि तो माणूस वाट पाहून गेला. विभागाच्या त्या गुळगुळीत कागदाला मी नावं ठेवतो, पण माझा कोरा कागद त्याहून घाणेरडा निघाला.

डबा माझ्या टेबलावर आहे. बायको म्हणते, "ही माती कशाला जपताय?" हा लेख लिहायला बसण्याआधी मी तळव्यावर चार थेंब पाणी घेतलं, चिमूटभर रेती टाकली आणि चोळली. हात मळला. इतक्या वर्षांनीही ती तशीच मळते. हात न धुताच लिहायला बसलो, कागदावर बोटं उमटली आहेत, उमटू देत. चाचा, उशीर झाला... पण घ्या : झरीच्या रपट्याचे म्हणून आलेले ठोकळे फोडताना शेख करीम मिस्त्री यांनी मशीन बरोबर चालवली होती. मी समोर होतो.