लेकीचं सरकलेलं नाक

"सेप्टल डिसलोकेशन आहे," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा खाचेतून सरकलेला. बाळंतपणात नाक दबलं की असं होऊ शकतं. त्यांनी माझ्या एका दिवसाच्या लेकीच्या नाकाच्या शेंड्यावर हलकेच बोट ठेवलं, तर नाक डावीकडे कललं आणि ती नाकपुडी मिटली.

मला पहिलं आठवलं ते रोहिणीच्या मुलीचं नाक.

रोहिणी माझी धाकटी जाऊ. कर्जतला आम्ही एकाच घरात राहतो. ती माझ्या आठ दिवस आधी बाळंत झाली. तिची पोर चाफेकळी नाकाची, दूध प्यायली की ढाराढूर झोपायची. मी जळत होते, आज सरळ सांगते.

"नुसतं दबलेलं नाक दोन-तीन दिवसांत आपोआप सरळ होतं. हे होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डिस्चार्ज झाला की थेट खोपोलीला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या काही दिवसांतच ते सहज बसतं."

तान्ही बाळं श्वास बहुतेक नाकानंच घेतात. माझी लेक दोन घोट प्यायची, गुदमरून सोडायची आणि रडायची.

तरी तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी खोपोलीऐवजी शेवंतामावशींना बोलावलं. आमच्या घरच्या बाळ-बाळंतिणींना त्याच न्हाऊ-माखू घालतात. तान्ह्याचं नाक तेलाच्या चिमटीत धरून ओढायचं, म्हणजे ते धारदार होतं, अशी आमच्याकडे रीत. रोहिणीच्या पोरीचं त्या रोज ओढत होत्या. डॉक्टरांचं बोलणं मी घरात लपवलं. नवऱ्यालाही 'जरा सूज आहे' एवढंच म्हणाले. रोहिणीला कळता कामा नये, बस्स.

"काय नाय होत गं. आठ दिसांत सरळ करते," मावशी म्हणाल्या.

"जरा जोर लावा," मीच म्हटलं.

लेक किंचाळली, मग आवाजच बंद. ओठ निळसर झाले, नाकातून रक्ताचा थेंब आला. रोहिणी धावत आली आणि तिनं मावशींचा हात बाजूला केला. लेकीनं श्वास घेतला तेव्हा मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. रोहिणीनं माझ्या दिरांना टेंपो काढायला लावला, स्वतःची पोर सासूबाईंकडे दिली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

खोपोलीत शिळफाट्याजवळच्या दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. "अजून बसवता येईल. पण आता नाक कुणी ओढायचं नाही." क्लोज्ड रिडक्शन, म्हणजे चिरफाड न करता बारीक अवजारानं पडदा उचलून जागेवर बसवणं. काही मिनिटांचं काम होतं, पण मला ती मिनिटं संपता संपेनात.

नर्सनं तिला बाहेर आणलं. "लगेच पाजा. पिताना श्वास कसा घेते ते बघायचंय." ती ओढत राहिली, पण तीन दिवस तिनं नीट ओढलंच नव्हतं, म्हणून मला दूध उतरेना. ती रडायला लागली.

"ताई, मी घेऊ का तिला?" रोहिणीनं हळूच विचारलं.

नाही म्हणावंसं वाटलं. दिली.

न गुदमरता ती पीत राहिली. "मोकळं झालं," डॉक्टर म्हणाले. माझ्या लेकीचं पहिलं पोटभर दूध, आणि ते जावेच्या अंगावर.

बाळाचं नाक वाकडं दिसलं तर आधी डॉक्टर गाठा. मालिशवालीच्या चिमटीत देऊ नका. आणि माझ्यासारखं लपवू नका.

लेक आता माझ्याकडेच पिते. रोहिणीचे उपकार मी जन्मभर मानेन. त्या दिवशी पोट भरल्यावर लेकीनं रोहिणीचं बोट मुठीत धरलं होतं. सोडवायला माझा हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला.