लायल हॅवलिकशी कोणी बोलत नव्हतं

वॉकर्टनमध्ये माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. चर्चच्या जेवणात अजूनही काही जण माझ्याकडे सॅलडचं भांडं सरकवत नाहीत. नऊ वर्षं झाली. या गावात मी अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली, यांची निम्मी पोरं बर्फातून वेळेवर शाळेत पोचवली, ते सगळं पाण्यात गेलं. लक्षात काय राहिलं, तर व्हर्ना स्टुकेलनं, म्हणजे मी, सातव्या डावानंतर तोंड उघडलं.

पण आधी लायल. आमच्या 'वॉकर्टन टर्निप्स' या बेसबॉल संघातल्या खेळाडूंना भाड्यानं घर घेणं जमत नाही, म्हणून गावातली माणसं त्यांना उन्हाळाभर घरी ठेवून घेतात. माझ्याकडे आजवर एकोणीस राहून गेले. सगळे विशीतले, सगळे मोठ्या लीगमध्ये जायला निघालेले आणि सगळे दूध थेट बाटलीतून पिणारे. लायल माझ्या दारात आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि ग्लासातून दूध पीत होता. तिथंच मला तो आवडला.

तो विस्कॉन्सिनच्या गाईम्हशींतला, म्हणजे म्हशी नाहीत तिकडं, गाईच. सतराव्या वर्षी गोठ्याच्या दारावर बॉल मारून मारून त्यानं दाराची फळी फोडली. बापानं नवी फळी बसवली आणि तीही फोडल्यावर त्याला शाळेच्या संघात पाठवलं. मोठ्या क्लबचा माणूस खरं तर दुसऱ्याच मुलाला बघायला आला होता. त्या मुलाला त्या दिवशी गालगुंड झालेलं, म्हणून त्यानं लायलला बघितलं. ताशी शहाण्णव मैलांचा बॉल. घेतला लगेच.

तीन वर्षांत कोपर गेलं. डॉक्टरांनी मनगटातली एक शीर काढून कोपरात बसवली. लायल हे सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचा, "माझ्या कोपरात माझंच मनगट आहे." शहाण्णवचा बॉल आता सत्त्याऐंशीचा झाला. मग सुरू झाले प्रशिक्षक. एकानं सांगितलं, पाय उंच उचल. दुसऱ्यानं सांगितलं, पाय उचलूच नकोस. तिसऱ्यानं नाकानं श्वास घ्यायला लावला, चौथ्यानं हनुवटी उजवीकडे ठेवायला. लायल आज्ञाधारक. त्यानं चौघांचंही ऐकलं. त्यामुळे बॉल टाकताना तो चालत्या बसमध्ये पँट चढवणाऱ्या माणसासारखा दिसायचा. दहा वर्षांत सहा गावं, सहा संघ आणि मोठ्या लीगमध्ये एक दिवससुद्धा नाही. त्याला तेवढाच हवा होता. एक दिवस. "नाव एकदा मोठ्या लीगच्या वहीत लागलं की कोणी खोडू शकत नाही, मिसेस स्टुकेल," असं तो मला भांडी पुसताना सांगायचा.

माझ्या परसात एक जुनी गादी उभी करून तो रोज सराव करी. एकदा मी कपडे वाळत घालत होते. हा पाय उचलतोय, थांबतोय, हनुवटी वळवतोय, श्वास घेतोय. बघून बघून माझा जीव मेटाकुटीला आला.

"अरे, एवढा विचार करतोस तर बॉल पोस्टानं का पाठवत नाहीस?" मी म्हटलं.

तो हसत सुटला आणि हसता हसता त्यानं बॉल टाकला. गादीच्या नेमक्या मधोमध. पुन्हा टाकला, पुन्हा मधोमध. त्या उन्हाळ्यात तो असाच, मनातल्या मनात हसत टाकायला लागला आणि समोरचे बॅटर वेडे झाले. मी काही श्रेय घेत नाही. घेतलं तर हरकत नाही, पण घेत नाही.

आता तो रविवार. दुपारचा सामना, गाव झाडून हजर. मी कठड्याला लागून पहिल्या रांगेत, खेळाडूंच्या बाकापासून हातभर अंतरावर. पाचवा डाव संपला आणि लायलनं समोरच्या एकाही बॅटरला फटका मारून पळू दिलं नव्हतं. नऊ डाव असं झालं तर ते पिचरच्या आयुष्यातलं सोनं. वॉकर्टनच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. आणि असं चालू असताना काय करायचं असतं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पिचरशी बोलायचं नाही. त्याच्याजवळ बसायचं नाही. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. बोललात तर पुढच्याच बॉलला फटका बसणार. लायल बाकाच्या एका टोकाला, बाकीचे अकरा जण दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे.

तेवढ्यात मॅनेजरच्या खोलीतला फोन वाजला. आमचा मॅनेजर ऑगी ट्रुडेल. हा माणूस मैदानातल्या पांढऱ्या रेघेवर पाय देत नाही, जिंकत असताना मोजे धूत नाही आणि अशा वेळी पिचरशी बोलण्यापेक्षा जीभ कापून देईल. तो परत आला तेव्हा चेहरा दह्यासारखा पांढरा. सरळ माझ्याकडे आला.

"व्हर्ना, वरून फोन आहे. त्यांचा एक पिचर हॉटेलच्या बाथटबमध्ये घसरलाय. लायलला उद्या बोलावलंय. मोठ्या लीगमध्ये."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "मग सांग ना त्याला."

"मी कसा सांगू? त्यानं अजून फटका दिलेला नाही."

"मग बाहेर काढ त्याला."

"आणि हे तीन हजार लोक मला जिवंत सोडतील?" तो कुजबुजला. "ते म्हणतात, नव्वद बॉलांच्या आत बाहेर काढ, नाहीतर उद्या तो टाकणार कसा? नव्वद झाले तर दुसऱ्या संघातला माणूस उचलतील."

"किती झालेत?"

"सदुसष्ट."

यावर ऑगीनं काय करावं? त्यानं टर्निपला कामाला लावलं. आमच्या संघाचा टर्निप म्हणजे सलगमाच्या जांभळ्या फोमच्या पोशाखात सामन्यांना लोकांना हसवणारा गावचा डेंटिस्ट, ऑरिन पेल. टर्निप बोलत नाही, त्यामुळे नियम मोडत नाही, असा ऑगीचा हिशेब. सहाव्या डावात ऑरिन लायलसमोर उभा राहिला. आकाशाकडे बोट दाखवलं. दोन्ही हात पसरून विमान झाला. मग हात खाली सोडून लटकवले, बहुधा सूटकेस उचलल्यासारखे, आणि बाकाभोवती पळत सुटला. लायलनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग उठून त्याला पाण्याची बाटली दिली आणि सावलीत बसवलं.

"ऊन लागलंय बिचाऱ्याला," असं माझ्या मागचे लोक म्हणाले.

फोन दोनदा वाजला. पहिल्यांदा ऑगीनं सांगितलं की लायल संडासात आहे. दुसऱ्यांदा सांगितलं की अजून संडासातच आहे. सातवा डाव संपला. शून्य फटके, शहाऐंशी बॉल. अजून दोन डाव. मैदानात कोणी शिंकतसुद्धा नव्हतं. लायल बाकावर टोकाला बसला होता, टॉवेल डोक्यावर घेऊन, एकटा. ऑगी त्याच्याकडे पाठ करून भिंतीशी उभा होता.

मला राग आला. खरंच सांगते, दया वगैरे नंतर आली, आधी रागच. एकतीस वर्षांचा माणूस चौदा वर्षं ज्या दिवसासाठी सहा गावं फिरला तो दिवस हातभर अंतरावर येऊन उभा, आणि आम्ही सगळे शहाणे तोंड शिवून बसलेलो.

मी कठड्यावरून वाकले आणि शाळेच्या बसमधल्या आवाजात म्हटलं, "लायल, तुला मोठ्या लीगनं बोलावलंय. उद्या. बॉल ठेव आणि घरी चल, तुझे कपडे अजून दोरीवर आहेत."

तीन हजार माणसांनी एकदम श्वास घेतला. मला वाऱ्यासारखा लागला तो. मागून कोणीतरी "व्हर्ना, काय केलंस तू हे," म्हणालं, अगदी मयताला आल्यासारखं. लायलनं टॉवेल काढला. माझ्याकडे बघितलं. मग तो इतका रडला की ऑगीलाही त्याला मिठी मारावी लागली.

त्याच्या जागी जो पिचर आला त्याच्या पहिल्याच बॉलला फटका बसला. पहिल्याच. तेव्हापासून माझं सॅलड बंद.

लायल गेला. मंगळवारच्या सामन्यात त्याला एका डावात टाकायला मिळालं. तीन फटके खाल्ले, एक बॅटर बाद केला, मग त्याला बाहेर काढलं. नऊ दिवसांनी बस पकडून परत आला, माझ्याकडेच. पण नाव वहीत लागलं होतं. त्याच हिवाळ्यात त्यानं खेळणं सोडलं. आता तो आमच्याच शाळेत मुलांना बॉल टाकायला शिकवतो, आणि पाय किती उचलायचा ते कोणालाही सांगत नाही. गावात त्याला फार मान. 'व्हर्ना नसती तर नऊ डाव पुरे केले असते' असा माणूस म्हणून हॉटेलात त्याची कॉफी कधी गार होत नाही. लोक आपल्या नातवंडांना त्याला दाखवतात.

मला मात्र ते लागून राहिलं. गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या छपराची पन्हळ साफ करायला आला होता, तेव्हा शिडी धरून मी विचारलंच.

"लायल, मनापासून सांग. ते दोन डाव टाकायला मिळायला हवे होते का रे?"

तो वरून हसला. "मिसेस स्टुकेल, पाचव्या डावात माझा हात गेला होता. बोटं बधिर. सहावा न् सातवा कसा काढला देव जाणे. मी ऑगीला सांगायला उठलो तर तो पळाला. कॅचरकडे गेलो तर तो बूट बांधायला लागला, आणि त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. मला कोणीतरी बाहेर काढावं म्हणून मी दोन डाव देवाचा धावा करत होतो."

"आणि ऑरिन?"

"तो हात लटकवून दाखवत होता ना? मला वाटलं, निदान या टर्निपला तरी कळलं की माझा हात मेलाय." तो पालापाचोळा खाली टाकत राहिला. "आठव्या डावातला माझा पहिलाच बॉल त्यांनी गावाबाहेर मारला असता. तुम्ही बोललात म्हणून वाचलो."

मी शिडी धरून उभी. नऊ वर्षं. मनात आलं, आत्ताच्या आत्ता चर्चमध्ये जावं, भांडं स्वतःच ओढून घ्यावं आणि सगळ्यांना हे ऐकवावं.

"सांगू का मी गावाला?" तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर उद्याच सांगतो."

खाली रस्त्यावरून एक बाई नातवाला घेऊन चालली होती. तिनं त्याला थांबवलं, शिडीवरच्या लायलकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. पोरगं तोंड वासून वर बघत राहिलं. लायलनं हात केला.

"काही नको," मी म्हटलं. "तू तो डावीकडचा कोपरा राहिलाय तो काढ."