चिन्नलंकेवरची लाल फुली

कामठी छावणीतून आमची इंजिनिअर कंपनी दक्षिणेला निघाली तेव्हा आंध्रात गोदावरीला पूर आला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नाईक होतो. कंट्रोलचा, म्हणजे नियंत्रण कक्षाचा, वायरलेस आणि नकाशा माझ्याकडे.

आपल्याकडे दक्षिण म्हटलं की सरसकट मद्रास. मीही त्यातलाच शहाणा. तिथे गेल्यावर कळलं, एकट्या आंध्रातच तेलंगण वेगळा, रायलसीमा वेगळी आणि समुद्राकाठचे जिल्हे वेगळे. समुद्राजवळ गोदावरीला फाटे फुटतात. मधल्या बेटांना तिकडे लंका म्हणतात. लंकेवर नारळ, केळी आणि माणसांची वस्ती.

एका शाळेत कंट्रोल लावला. फळ्यावर नकाशा ठोकला. मेजरसाहेबांचा हुकूम साधा होता: पूर्वेचे तालुके आपले, पश्चिमेचे दुसऱ्या तुकडीचे, वेस्ट कॉलमचे. गाव रिकामं झालं की मी लाल पेन्सिलीने फुली मारायची. सकाळी दहाला माझी नजर चिन्नलंकेवर आली. नकाशात ती पश्चिमेच्या तालुक्यात होती. आपली नाही, म्हणजे विषय संपला. मी तिच्यावरही फुली मारून टाकली.

अडीचला एक शाळामास्तर निथळत आत आला.

"साब, चिन्नलंका बोट कब जाएगा? मेरा माँ उधर है."

"वो वेस्टवालों का एरिया है."

"नहीं साब. तालुका खतम. अब मंडल है. चिन्नलंका इधर के मंडल में आया."

सरकारने नुकतेच तालुके मोडून लहान लहान मंडलं केली होती. आमचा नकाशा जुना आणि पलीकडच्या कॉलमची यादी नवी. मी सेट उचलला.

"वेस्ट, कंट्रोल. चिन्नलंका खाली किया? ओव्हर."

"निगेटिव्ह. हमारी लिस्ट में नहीं है. आपका एरिया. ओव्हर."

नाईक रामदास दारात उभ्यानेच पुरी-भाजी खात होता. तो कामठीकडच्या मौद्याचा, कन्हान नदीकाठी वाढलेला. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो. सकाळपासून त्याच्या बोटीच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या. मी त्याला खरं ते सांगितलं.

"फुली काहून मारली बे?"

"तालुक्याची हद्द पाहून."

"लोकं किती आहे?"

"मास्तर बेचाळीस म्हणते."

"मंग जा लागते."

त्याने पॅन्टला हात पुसले. साहेबांची परवानगी घेतली. तीन दहाला बोट सुटली.

लंकेवर फक्त देवळाचा ओटा पाण्याबाहेर होता. रामदास सेट घेऊन तिथे उतरला आणि ड्रायव्हर फेऱ्या मारू लागला. पहिल्या फेरीत तेरा आले, दुसरीत तेरा. दुसऱ्या फेरीत मास्तरची आई होती. पाच वीसला सेट खरखरला.

"कंट्रोल, बोट वन. सोळा राहिले. पाणी ओट्यावर आलं. सोळाही बसवून राहिलो. मी थांबतो, बोट वापस पाठव. ओव्हर."

"तू पण ये. ऑर्डर आहे. ओव्हर."

"सतरा झाले तं सारेच बुडतीन गा." मग हसल्यासारखा आवाज आला. "ते फुली पुस पह्यले. गाव खाली झालं का मंग मार. आउट."

मी खोडरबर घेऊन फुली पुसली. पुसता पुसता कागद फाटला.

पाच पन्नासला सोळा जण काठाला लागले. बोट तशीच मागे फिरली. तिथे ओटा नव्हता आणि देऊळही नव्हतं. रामदास तिसऱ्या दिवशी सापडला, बराच खाली, बाभळीत अडकलेला.

मौद्याला निरोप घेऊन मीच गेलो. फुलीचं त्याच्या आईला सांगितलं. न सांगता परतलो असतो तर आरशात तोंड पाहता आलं नसतं. तिने एवढंच विचारलं,

"सारे निंगाले का गा तिथून?"

"बेचाळीसही निघाले, मावशी."

"आपल्या कन्हानचं पाणी तिकडंच जाते म्हणे."

"हो. वैनगंगेतून, प्राणहितेतून गोदावरीत."

तिने मान हलवली आणि मला जेवायला वाढलं. मी जेवलो.

परत आल्यावर साहेबांनी नकाशा पूर्ण करून जमा करायला सांगितलं. आमच्या बाकी सगळ्या गावांवर फुल्या होत्या. चिन्नलंकेवर मी मारली नाही. साहेबांनी विचारलं, तेव्हा म्हणालो, "सर, गाव अजून खाली झालेलं नाही. आपला एक माणूस तिथेच आहे."

साहेबांनी नकाशा तसाच घडी करून ठेवला.