डबा परत आला

घरातून सहलीला निघताना तुम्ही कुठे जाताय हे घरच्यांना खरं सांगता का? लगेच हो म्हणू नका. आधी आठवून बघा.

माझ्या नोकरीतली एक सकाळ मला अजून सोडत नाही. निवृत्तीच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा मी शहराच्या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळ्याचे दिवस होते आणि बंदोबस्ताचं वेळापत्रक टेबलावर पसरलं होतं. साडेनऊच्या सुमारास दोन बायका माझ्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात स्टीलचा डबा होता.

तिचा नवरा आदल्या संध्याकाळी ठाण्यात येऊन गेला होता. तो शिंपी, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लटकलेली. बावीस वर्षांचा मुलगा गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होता. दुकानाच्या सुट्टीला चार दोस्तांबरोबर देवगाव रंगारीला कुणाच्या मळ्यात जेवायला जातो म्हणून सकाळी घरातून निघाला, तो परत आलाच नाही. फोन बंद. दोस्तांना विचारलं तर ते म्हणतात, तो आमच्यासोबत आलाच नव्हता.

ठाणे अंमलदार त्याला म्हणाला, "काका, तरणं पोरगं हाय. चोवीस तास वाट बघा, मग नोंद करू. सकाळी दात काढत घरी येतंय बघा."

"तसं नाय करत साहेब तो. कधीच नाय," शिंपी म्हणाला.

हे बोलणं मी केबिनमध्ये बसून ऐकत होतो. मी उठलो नाही. उलट आतूनच म्हणालो, "सकाळी या." तो नमस्कार करून निघून गेला.

आता सकाळी त्याची बायको समोर उभी होती. तिने डबा माझ्या टेबलावर ठेवला. झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर कोरतात तसं.

"काल याच्यात दशम्या भरून दिल्या व्हत्या पोराला," ती म्हणाली. "डबा घरी आला साहेब. पोरगं नाय आलं."

दुसरी बाई तिच्या मुलाच्या दोस्ताची आई. मागच्या गल्लीत राहणारी. काय गडबड आहे याची तिला तोपर्यंत पुरती कल्पनाही नव्हती. "साहब, बेटा खेत पे से आया तो थैले में ये डब्बा था," ती म्हणाली. "उसको बुखार, आते ही सो गया. मैं डब्बा धोई, ऊपर का नाम देखी, सुबू देने कू गई. खाली डब्बा कैसा देना, थोडी शक्कर डाली."

मी झाकण काढलं. आत मूठभर साखर होती.

कुणाचंही भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपल्या घरोघरीची रीत. त्या चौघांनी आदल्या दुपारी बसून पक्की गोष्ट रचली होती, शपथा घेतल्या होत्या. पण घरात आई आहे, ती पिशवी रिकामी करील, डबा घासील आणि साखर घालून मालकिणीच्या दारात नेऊन देईल, एवढं त्यांच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

अर्ध्या तासात चौघांना ठाण्यात आणलं. चार वेगळ्या खोल्यांत बसवलं. चौघांनी एकच वाक्य सांगितलं: "आम्ही फोन केला, त्याने उचलला नाही, मग आम्ही तसेच मळ्यात गेलो." शब्दाला शब्द जुळत होता. इतक्या वर्षांच्या जबाबांवरून मला एक गोष्ट कळली आहे. खरं बोलणाऱ्या चार माणसांचं कधी नीट जुळत नाही. एकाला ऊन आठवतं, दुसऱ्याला भूक. हुबेहूब जुळतं ते ठरवून आणलेलं.

मग ज्याच्या पिशवीत डबा निघाला त्या मुलाला मी केबिनमध्ये बोलावलं. आईला तिथेच बसू दिलं. त्याची नजर टेबलावर गेली आणि तिथेच अडकली.

"मळ्यात कोण कोण होतं?"

"आम्ही चौघं, सर."

"दशम्या कोणी आणल्या?"

त्याची आई उठली आणि टेबलावरचा डबा उचलून त्याच्यापुढे उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. "डब्बा मेरे हात में है और तू बोलता वो आया नै. उसकी माँ बाहर बैठी. बोल."

तो खाली बसला आणि बोलला. मळा नव्हताच. कन्नडच्या पुढे, घाटाच्या अंगाला एक धबधबा आहे, तिथे पाचजण तीन मोटारसायकलींवर गेले होते. वाटेवर वनखात्याचा बंदीचा फलक होता, तो ओलांडून वर चढले. दुपारी दोनच्या सुमारास शिंप्याच्या मुलाचा पाय शेवाळावरून सटकला. तो कड्यावरून खाली गेला. यांनी हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात उत्तर ऐकू आलं नाही. तो गेलाच असं यांनी आपसांत ठरवून टाकलं. चौघांतला सगळ्यात मोठा म्हणाला, "पोलीस आपल्यालाच आत टाकतील. तो आलाच नव्हता म्हणा."

मी तिथूनच कन्नडच्या ठाण्याला फोन लावला. आम्ही पोचेपर्यंत खालच्या वस्तीवरची माणसं दोर घेऊन उतरलेली होती. गाडीत त्याचे वडील माझ्या शेजारी बसले होते. दोन तासांच्या रस्त्यात ते एकदाच बोलले. "त्याला पोहता येतं," म्हणाले.

तो पाण्यात नव्हताच. कड्याच्या पोटात एका कोरड्या खडकाला टेकून बसलेला सापडला. बसलेला, पडलेला नव्हे. उजवी नडगी मोडली होती आणि तिच्यावर शर्टाची बाही घट्ट बांधलेली होती. अंग गार पडलं होतं.

पंचनामा चालू असताना वडील वाकले आणि त्यांनी त्या बाहीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"फाडली नाय," ते म्हणाले. "शिवणीवरनं उसवलीय. टाका टाका. मीच शिकवलं व्हतं त्याला."

मला कळलं ते काय सांगतायत. एका जागी बसून, एकेक टाका उसवायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याच्याकडे होता. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी तेच सांगितलं: मृत्यू पहाटेचा. म्हणजे शिंपी माझ्या ठाण्यात उभा होता तेव्हा त्याचा मुलगा जिवंत होता. मी "सकाळी या" म्हणालो तेव्हाही.

पुढे चौघांवर गुन्हा दाखल झाला, कोर्टात जे व्हायचं ते झालं. पुरावा म्हणून त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं बोलणं मी वाचलं. आठ दिवस सहलीचा बेत चालला होता. कांदे कोण आणणार, ठेचा कोण, दशम्या कोण, स्पीकर कुणाचा, फोटो कुठल्या दगडावर. "पेट्रोल भरून ये भावा, मागच्या वेळेसारखं ढकलत नको आणू." सगळं ठरलं होतं. एकाने विचारलं होतं, "घरी काय सांगायचं?" आणि उत्तर होतं, "देवगावला मळ्यात चाललो म्हणा. धबधबा म्हटलं की आई रडती." त्यावर हसण्याची चित्रं. कुणी पडलं तर काय, हा प्रश्न त्या सगळ्या बेतात कुणालाच पडला नव्हता.

त्यांची चूक कागदावर आली. माझी आली नाही. त्या संध्याकाळची स्टेशन डायरी मी पुन्हा पुन्हा चाळली. शिंपी येऊन गेल्याची त्यात एक ओळही नव्हती. चोवीस तास थांबा असं कोणताही कायदा सांगत नाही. तो नियम आमच्या आळसाने तयार केलेला आहे आणि तो पाळून आम्ही माणसं मरू देतो. त्याच संध्याकाळी नोंद घेऊन फोनचं शेवटचं ठिकाण मागवलं असतं तर ते देवगाव नव्हे, घाट निघालं असतं. त्या चार पोरांना भीतीने खोटं बोलायला लावलं. मला तर कुणाची भीतीही नव्हती.

नंतर जिथे जिथे बदली झाली तिथे बेपत्ता माणसाची नोंद तक्रार येताच घेतली जाईल हे मी स्वतः पाहिलं. त्याने त्या शिंप्याचं काही भरून आलं नाही. त्याचं दुकान चालू आहे. मी त्या रस्त्याने जाणं टाळतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागतो. पुढच्या सहलीचा बेत ठरेल तेव्हा कांदे कोण आणणार हे लिहायच्या आधी एक कागद घ्या. त्यावर लिहा: खरोखर कुठे जातोय, कोण कोण, कोणत्या गाड्या, किती वाजेपर्यंत परत. तो कागद घरात आईच्या हातात द्या. रागावली तरी द्या. आणि तुमचं माणूस वेळेत परतलं नाही तर तो कागद घेऊन ठाण्यात जा. समोरचा चोवीस तास म्हणाला, तर नोंद होईपर्यंत त्या खुर्चीवरून उठू नका. माझ्यासारखा कुणी आतून "सकाळी या" म्हणाला, तरी उठू नका.