मालनवहिनींच्या शेजारची खुर्ची

सांगलीच्या मोठ्या सभागृहात गाणं ऐकून आलं की घरची विचारतात, "काय काय गायले गं?" आणि आम्हाला सांगता येतं ते फक्त आमच्या रांगेत काय काय झालं ते! गाणी तिथंच राहतात, किस्से तेवढे जीपमधून कडेगावला येतात. आता इतके साठलेत की मी कुणाच्या ब्लाऊजचं माप घ्यायला टेप काढली, की एखादा निघतोच.

मी सुनंदा, शिवणकाम करते. आमची टोळी लहानच. ऊसवाले आपा, त्यांच्या मंडळी तानूकाकू, माझ्या शेजारच्या मालनवहिनी आणि त्यांचे मालक सुभेदारदादा. दादा पलटणीत होते तोवर वहिनी एकट्याच आमच्याबरोबर यायच्या. "हे रिटायर झालं की शेजारी बसवून अख्खा कार्यक्रम ऐकणार," एवढी एकच हौस बाईची! दादा रिटायर झाले, घरी आले. पण बंद दार आणि मोठा आवाज त्यांना सोसेना. दिवाळीत फटाके सुरू झाले की मळ्यात जाऊन राहतात. जीप तेच चालवतात, पण सभागृहाशी पोचलो की म्हणतात, "तुमी जावा. मी गाडीपाशी हाय." वहिनी तरी दर वेळी दोन तिकिटं काढायच्या. दादांच्या खुर्चीवर आमच्या पिशव्या बसायच्या. मला त्या खुर्चीकडे बघवायचं नाही.

*

पहिल्या खेपेला आपांनी दारातच पायताण काढलं. आत लालभडक गालिचा ना!

दारावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, चप्पल घाला. हे काय देऊळ नाही."

"देऊळ न्हाई ते दिसतंय की! पर एवढ्या चांगल्या जाजमावर उसातला चिखल घिऊन जाऊ व्हय?"

आपा गेले अनवाणी. त्यांचं बघून आम्ही काढल्या. आमचं बघून मागच्या शहरातल्या बायकांनी काढल्या. मग काय, दारात ढीगच लागला! कार्यक्रम सुटल्यावर काय झुंबड उडाली म्हणता! आपा घरी आले ते दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून.

काकू ओरडल्या तर म्हणाले, "एक तरी माझी हाय न्हवं!"

*

तानूकाकूंची तऱ्हा वेगळीच. तिथल्या खुर्च्यांची बैठक आपोआप वर मिटते. काकूंना काय ठाऊक! त्या मिटलेल्या बैठकीच्या कडेवरच टेकल्या, आणि मध्यंतरापर्यंत तशाच बसल्या.

मागचा गृहस्थ वैतागला. "मावशी, जरा खाली बसा, आम्हाला काही दिसत नाही."

"आवं, बसलेच हाय की! माझी उंचीच तेवढी हाय."

मध्यंतरात मी बैठक दाबून खाली केली. काकू मऊ गादीत रुतल्या, डोळे मिटून घेतले आणि मग माझ्यावरच डाफरल्या, "सुनंदे, आगं तुला ठावं हुतं आन् तू गप बसलीस?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुमास्नी उंचावरनं बघायची हौस आलीया!"

*

एकदा दारावर पिशव्या तपासायला एक नवी पोरगी होती. युनिफॉर्म कडक, चेहरा त्याहून कडक. काकूंच्या पिशवीत धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी निघाली.

"खायचं आत न्यायचं नाही."

"कुठली गं तू?"

"आटपाडीची. डबा आत न्यायचा नाही, मावशी."

"घरला कवा गेलीस?"

बघता बघता पोरीचे डोळे भरले.

काकूंनी डबाच तिच्या हातात ठेवला. "आत न्यायचा न्हाई न्हवं? मग तू भाईर खा!"

मध्यंतरात बघितलं तर पोरगी जिन्याखाली बसून चटणीचं बोट चाटत होती. काकू मायेनं बघत राहिल्या आणि त्या दिवशी आम्ही सगळे उपाशी घरी आलो.

*

वहिनींनी पुढं एक युक्ती काढली. कार्यक्रम सुरू झाला की दादांना फोन लावायचा आणि तो चालूच ठेवून पदराखाली धरायचा. दादा जीपमध्ये बसून ऐकायचे. मोबाईल बंद ठेवा अशी सूचना व्हायची, तेव्हा वहिनी सगळ्यात जोरात मान हलवायच्या!

एकदा गवईबुवांनी असा काही सूर लावला की सभागृहात कुणी हूं की चूं करेना. बुवा श्वास घ्यायला थांबले, आणि वहिनींच्या पदरातून आवाज आला, "मालन, लय झ्याक गातोय गं ह्यो माणूस!"

वहिनी लाजून लाल! बुवांनी इकडं तिकडं बघितलं आणि वहिनींच्या पदराला हात जोडून नमस्कार केला.

आम्ही जीपमध्ये पोटं धरून हसत होतो. वहिनी हसल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "फुडल्या बारीला मी एकच तिकीट काढणार."

दादांनी नुसता गिअर बदलला. मला तर रडूच येत होतं.

*

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी दादाच वहिनींना म्हणाले, "दोन काढ. दाराजवळची, कडंची."

त्या दिवशी दादांनी जीपला कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर आत आले. पिशव्या आम्ही मांडीवर घेतल्या. वहिनी नव्या साडीत, पण नजर सारखी दादांकडं. पहिला अर्धा तास छान गेला. मग पखवाजवाले बुवा रंगात आले. दारं बंद, स्पीकर एवढे मोठे की एकेक थाप छातीत बसत होती. दादांच्या कपाळावर घाम. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरलेला.

आणि दादा ताडकन उभे राहिले.

वहिनींनी त्यांना ओढलं नाही, बसा म्हणाल्या नाहीत. उठल्या आणि नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. ते बघून आपा उठले, काकू उठल्या, मी उठले. मागनं कुणीतरी "ओ, बसा की!" म्हणालं. पण पलीकडच्यांना वाटलं, आम्ही बुवांना मान देतोय! तेही उठले. त्यांचं बघून त्यांच्या मागचे. बघता बघता अख्खं सभागृह उभं!

टाळ्या पडायच्या आतच बुवांनी हात थांबवला. डोळे भरून आले होते त्यांचे. माईकवर म्हणाले, "अर्ध्यातच एवढा मान! सांगा, काय ऐकवू?"

मग दादांचा आवाज आला, परेडवरचा, खणखणीत.

"बुवा, जरा हळू वाजवा. आन् त्येवढं दार उघडं ठिवायला सांगा. मला हिच्याशेजारी बसायचं हाय."

बुवांनी दादांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. हातानं माईक बाजूला सारला. कुणीतरी दार उघडलं. बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न आत आले. बुवा नुसत्या बोटांनी वाजवू लागले.

दादा बसले. वहिनी बसल्या. मग सगळं सभागृह बसलं.